'हॅड' म्हणजे कशाच्या आधी? : १८६५ सालच्या मुंबईतून इंग्रजीचा एक काळ

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य आम्हांला दर वर्षी, जवळजवळ प्रत्येक इयत्तेत भेटते : 'आय हॅड गॉन टू माय व्हिलेज यस्टरडे.' लिहिणारा विद्यार्थी हुशार असतो. 'गो, वेंट, गॉन' ही रूपे त्याने अचूक पाठ केलेली असतात. तरीही त्या वाक्याखाली लाल रेघ ओढावी लागते, आणि मुलगा विचारतो, यात चुकले काय?

त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याच्या मनातले मराठी वाक्य 'काल मी गावी गेलो होतो' असे आहे आणि मराठीत ते निर्दोष आहे. किंबहुना 'काल मी गावी गेलो' यापेक्षा तेच अधिक स्वाभाविक वाटते. कारण 'गेलो होतो' म्हटले की जाऊन परत आल्याचा बोध होतो. मराठी व्याकरणाने या रूपाला 'पूर्ण भूतकाळ' म्हटले, इंग्रजीच्या 'हॅड गॉन'लाही आपण तेच नाव दिले, आणि नाव एक म्हणून वापरही एकच असे विद्यार्थ्याने मानले. दोष मुलाच्या बुद्धीचा नाही. दोन भाषांतील दोन वेगळ्या चालींना एकच लेबल चिकटवल्याचा आहे.

इंग्रजी वाचकाला 'आय हॅड गॉन' एवढेच ऐकवले की तो थांबतो आणि विचारतो : कशाच्या आधी? मराठीतले 'होतो' एकटे उभे राहू शकते. इंग्रजीतले 'हॅड' एकटे उभे राहत नाही. त्याला भूतकाळातलीच दुसरी, नंतरची एक घटना लागते. ती त्याच वाक्यात असेल, मागच्या वाक्यात असेल किंवा संदर्भातून कळत असेल. पण ती असलीच पाहिजे. ती नसेल तर 'आय वेंट टू माय व्हिलेज यस्टरडे' हेच बरोबर.

या स्मरणिकेसाठी इंग्रजी विषयाचा एखादा पाठ लिहावा असे ठरले, तेव्हा आम्ही याच काळाची निवड केली. वाचकांत माजी विद्यार्थी आहेत तसे पालकही आहेत. पालकांनाही मोठ्याने वाचता यावीत म्हणून येथील इंग्रजी वाक्ये देवनागरीतच दिली आहेत. आणि उदाहरणांसाठी 'राम शाळेत गेला' ही पुस्तकी वाक्ये न घेता एक खरी गोष्ट घेतली आहे : मुंबईत १८६५ साली झालेल्या आर्थिक कोसळण्याची.

आर्थिक संकटाचीच गोष्ट का घेतली, हेही सांगितले पाहिजे. बाजार कोसळतो तो एका दिवसात. पण त्या दिवशी नवीन असे फारसे काही घडत नाही. जे घडायचे ते आधीच घडून गेलेले असते. कोणी कर्ज काढलेले असते, कोणी ते न पाहता दिलेले असते, कोणी न भरलेल्या पैशांवर सौदे केलेले असतात. कोसळण्याचा दिवस साध्या भूतकाळात सांगता येतो, पण त्याची कारणे सांगायला 'हॅड'वाचून गत्यंतर नसते. दुःख पाहिल्यावर लगेच समुदयाकडे, म्हणजे त्याच्या उगमाकडे वळायचे, ही शिस्त आपल्याकडे वंदनेइतकीच परिचयाची आहे. इंग्रजी व्याकरणात त्या वळणाचे चिन्ह 'हॅड' हे आहे.

प्रथम एक छोटी वाक्यजोडी पाहू. 'व्हेन द प्राइस फेल, द मर्चंट सोल्ड हिज कॉटन.' दुसरे वाक्य : 'व्हेन द प्राइस फेल, द मर्चंट हॅड सोल्ड हिज कॉटन.' पहिल्यात भाव पडले आणि मग व्यापाऱ्याने घाबरून कापूस विकला. तो बुडाला. दुसऱ्यात भाव पडले तेव्हा त्याचा कापूस विकून झालेला होता. तो तरला. दोन्ही वाक्यांत फरक आहे तो एका 'हॅड'चा, आणि त्या एका शब्दात एका घराचे दिवाळे आहे किंवा नाही. मराठीलाही हा भेद माहीत आहे : 'भाव पडले तेव्हा त्याने कापूस विकला' आणि 'भाव पडले तेव्हा त्याने कापूस विकला होता'. म्हणजे या काळाचा अर्थ आपल्या मुलांच्या अंगात जन्मजात आहे. त्यांना शिकायचे आहे ते एवढेच, की इंग्रजी हे रूप फक्त याच अर्थासाठी राखून ठेवते, मराठी ते सैल हाताने वापरते.

आता गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापसाचे प्रचंड मळे होते आणि त्यांवर गुलाम राबत. १८६० च्या जनगणनेनुसार त्या देशात गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या जवळ होती. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या त्यांनीच वेचलेल्या कापसावर चालत. ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अमेरिकेतून येई. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरचा कापूस तुटला.

याचे इंग्रजी असे करू : 'बिफोर द वॉर बिगॅन, लँकेशायर हॅड बॉट मोस्ट ऑफ इट्स कॉटन फ्रॉम अमेरिका.' युद्ध सुरू झाले, हा एक बिंदू. त्या बिंदूच्या आधीची स्थिती 'हॅड बॉट'. येथे एक चतुर विद्यार्थी विचारतो की 'बिफोर' या शब्दानेच आधी-नंतर कळते, मग 'हॅड' कशाला? तो बरोबर आहे. 'बिफोर' आणि 'आफ्टर' असले की इंग्रजी माणूस पुष्कळदा 'हॅड' गाळतो आणि ते चूक ठरत नाही. परीक्षेत लिहावे, बोलताना गाळले तरी चालेल, एवढेच आम्ही सांगतो. 'व्हेन' असेल तेथे मात्र गाळू नये. तेथे काय होते ते वरच्या व्यापाऱ्याने दाखवलेच आहे.

क्रिया दीर्घकाळ चालत आली होती असे दाखवायचे असेल तर 'हॅड बीन' आणि 'इंग' लावलेले रूप येते : 'द मिल्स हॅड बीन यूझिंग स्लेव्ह-ग्रोन कॉटन फॉर डिकेड्स.' कित्येक दशके वापरत आल्या होत्या. या रूपावर आम्ही वर्गात फार वेळ घालवत नाही. पहिले पक्के झाले की हे आपोआप येते.

लँकेशायरला कापूस हवा होता आणि तो मुंबईच्या बंदरात होता. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, धारवाड येथून गासड्या मुंबईला येऊ लागल्या. भाव असे चढले की लोकांनी गाद्या उसवून त्यांतला जुना कापूस विकला, असे सांगतात. युद्धाच्या काळात नेहमीच्या भावापेक्षा सुमारे आठ कोटी पौंड अधिक मुंबईकडे आले, असा हिशेब पुढे मांडला गेला. एवढा पैसा एका शहरात चार-पाच वर्षांत आला की त्याला बसायला जागा लागते. ती जागा कंपन्यांच्या शेअरनी पुरवली. बँका, विमा कंपन्या, जहाज कंपन्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका होत्या. त्यांपैकी कित्येकांचे काम एकच : एका कंपनीचा शेअर तारण घेऊन दुसऱ्या कंपनीचा शेअर विकत घ्यायला कर्ज देणे.

सर्वांत गाजली ती बॅक बेची भरणी करणारी कंपनी. तिच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअरला पन्नास हजारांपर्यंत भाव चढला. समुद्र अजून समुद्रच होता. 'पीपल हॅड पेड फिफ्टी थाउजंड रुपीज फॉर लँड दॅट हॅड नॉट येट कम आउट ऑफ द सी.' या एका वाक्यात दोन 'हॅड' आहेत : एक होकारार्थी, एक नकारार्थी. लोकांनी पैसे देऊन झाले होते. जमीन अजून वर आलेली नव्हती. संपूर्ण तेजीचे वर्णन या दोन 'हॅड'मधल्या अंतरात मावते. 'नॉट येट' ही जोडी 'हॅड'च्या मागे नेहमी अशी वापरावी.

या साऱ्याला आधार होता बँक ऑफ बॉम्बेचा. १८४० साली स्थापन झालेली ही प्रेसिडेन्सी बँक. तिच्यात सरकारचेही भांडवल होते आणि सरकारचे संचालकही होते. १८६३ च्या नव्या कायद्याने कंपन्यांच्या शेअरवर कर्ज देण्याची तिला मोकळीक मिळाली आणि तिने ती पुरेपूर वापरली. बाजाराचा अनभिषिक्त राजा, शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर तेथे कर्जे मंजूर होत.

येथे एक शब्द सोडवून घ्यावा लागतो. मराठीत आपण पैसे 'उसने' देतो आणि 'उसने' घेतो. शब्द एक, दिशा क्रियापदाने कळते. इंग्रजीत देणे म्हणजे 'लेंड' आणि घेणे म्हणजे 'बॉरो'. 'बँकेने मला बॉरो केले' असे म्हणणारे पदवीधरही आम्ही पाहिले आहेत. तेव्हा रूपे पाठ करावीत : लेंड, लेंट, लेंट, बॉरो, बॉरोड, बॉरोड. मग वाक्य : 'द बँक हॅड लेंट मनी ऑन शेअर्स, अँड द मर्चंट्स हॅड बॉरोड इट टू बाय मोअर शेअर्स.' त्याच ओघात बाय, बॉट, बॉट. सेल, सोल्ड, सोल्ड. राइझ, रोझ, रिझन. फॉल, फेल, फॉलन. बाजाराची गोष्ट सांगताना एवढी रूपे पुरतात, आणि योगायोगाने परीक्षेत वारंवार चुकतात तीही हीच.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपले, बंदरे मोकळी झाली, आणि अमेरिकन कापूस पुन्हा येणार हे उघड झाले. ती बातमी पोचताच मुंबईतील कापसाचा भाव गडगडला. पण खरी तारीख पुढे होती. बाजारात मुदतीचे सौदे झाले होते : आज भाव ठरवायचा, पैसे आणि शेअर १ जुलै १८६५ ला द्यायचे-घ्यायचे. तो दिवस उजाडला तेव्हा कोणाकडेच पैसे नव्हते. जो तो आपला सौदा नाकारू लागला.

हे प्रसंगवर्णन आम्ही मुलांकडून 'बाय द टाइम' या शब्दांनी लिहून घेतो, कारण 'हॅड'चा तो सर्वांत विश्वासू सोबती आहे. 'बाय द टाइम द फर्स्ट ऑफ जुलै केम, कॉटन हॅड फॉलन, द बँक्स हॅड स्टॉप्ड लेंडिंग, अँड द बिग मर्चंट्स हॅड फेल्ड.' एक दिवस, तीन 'हॅड'. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांना विकावा लागला. 'द शेअर दॅट हॅड टच्ड २,८५० वॉज सोल्ड फॉर ८७.' येथे पाहावे की ८७ ला विकला गेला, ही मुख्य घटना, म्हणून ती साध्या भूतकाळात. २,८५० ही त्याआधीची उंची, म्हणून ती 'हॅड'मध्ये. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली बुडीत निघाली. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली, १९२१ मध्ये ती इम्पीरियल बँकेत विलीन झाली, आणि १९५५ पासून ती स्टेट बँक ऑफ इंडियाचा भाग आहे. म्हणजे पुष्कळ पालकांच्या खिशातील पासबुकाच्या पूर्वजांपर्यंत ही गोष्ट जाते.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर हे या तेजीचे उभे स्मारक आहे. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी दान दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे नाव द्यावे अशी त्यांची इच्छा होती. मनोरा पुरा झाला १८७८ मध्ये. 'व्हेन द टॉवर वॉज कम्प्लीटेड, द मॅन हू हॅड पेड फॉर इट हॅड लॉस्ट हिज फॉर्च्यून.' शाळेच्या सहलीत तेथे उभे राहून हे वाक्य म्हणून पाहावे.

गोष्ट येथवर सांगितली तर ती शेठ-सावकारांची गोष्ट राहते, आणि तशीच ती बहुतेक वेळा सांगितली जाते. आमच्या मते या पाठाचा खरा भाग यापुढे आहे.

'हॅड' कारणाकडे बोट दाखवते, पण कोणत्या कारणाकडे दाखवायचे हे लिहिणारा ठरवतो. 'द कॉटन हॅड बीन पिक्ड.' कापूस वेचला गेला होता. व्याकरणदृष्ट्या पूर्ण वाक्य. कोणी वेचला? कर्मणी प्रयोगाने कर्ता गाळण्याची सोय करून दिली आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांना ती सोय फार आवडते. 'स्लेव्हज हॅड पिक्ड द कॉटन' असे लिहिले की कर्ता परत येतो. आम्ही मुलांना दोन्ही रूपे शिकवतो, परंतु कर्मणी वाक्य लिहिल्यावर 'कोणी?' हा प्रश्न कंसात लिहायला लावतो. ज्यांच्या आजी-पणजीने दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला आहे त्या मुलांना त्या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

संकटाचा दुसरा कर्ताही असाच गाळला जातो. भाव चढले तेव्हा दख्खनच्या शेतकऱ्यालाही सावकाराने सहज कर्ज दिले. भाव उतरले तेव्हा कर्ज राहिले आणि पत गेली. पुढे सरकारने सारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. 'व्हेन द फार्मर्स बर्न्ट द बॉन्ड्स, टेन इयर्स हॅड पास्ड सिन्स द क्रॅश.' दहा वर्षे उलटली होती. शेअर बाजारातील माणसाचे दिवाळे एका दिवशी निघते, शेतकऱ्याचे दहा वर्षे निघत राहते. या दंग्यांना इतरही कारणे होती आणि चौकशी आयोगाने ती नोंदवली. पण कापसाची तेजी-मंदी त्यांत एक होती.

आता 'हॅड'चे तिसरे काम, जे सर्वांत अवघड जाते. न घडलेल्या गोष्टीची कल्पना करताना इंग्रजी 'इफ'नंतर हेच रूप वापरते. १८६५ चा एखादा बुडालेला व्यापारी काय म्हणाला असता? 'इफ द वॉर हॅड नॉट एंडेड, आय वुड नॉट हॅव लॉस्ट माय मनी.' युद्ध संपले नसते तर माझा पैसा बुडाला नसता. मराठीत 'नसते तर... नसता', इंग्रजीत 'इफ... हॅड नॉट... वुड नॉट हॅव'. रचना नीट पाहून ठेवावी. स्पर्धा परीक्षांत हिच्यावर हमखास प्रश्न असतो.

रचना झाली की वाक्याचा अर्थही वाचावा. युद्ध संपू नये, अशी ती इच्छा आहे. ज्या युद्धाच्या शेवटी चाळीस लाख माणसांच्या बेड्या तुटणार होत्या, ते आणखी चालावे, म्हणजे मुंबईत कापसाचा भाव टिकेल. मुंबईच्या बाजारातील सारेच निर्दय होते असे आम्ही म्हणत नाही. बहुतेकांनी त्या माणसांचा विचारच केला नसेल; भावाचा आकडा पाहणाऱ्याला त्यामागचा माणूस दिसत नाही. पण ज्या बातमीने मुंबईत रडारड झाली, तीच बातमी दुसरीकडे मुक्तीची होती. वर्गात आम्ही फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर दुसऱ्या माणसाचे वाक्य लिहून घेतो : 'इफ द वॉर हॅड एंडेड डिफरंटली, माय चिल्ड्रन वुड हॅव रिमेन्ड स्लेव्हज.' युद्धाचा शेवट वेगळा झाला असता तर माझी मुले गुलामच राहिली असती. रचना तीच, युद्ध तेच, बोलणारा वेगळा.

आणि तारखा पाहाव्यात. गुलाममुक्तीची घोषणा राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी केली होती. टेक्सास राज्यातील गॅल्व्हस्टन येथे सरकारी फौज पोचली आणि तिने तो हुकूम जाहीर केला १९ जून १८६५ रोजी, म्हणजे मुंबईच्या १ जुलैच्या बारा दिवस आधी. 'द लॉ हॅड फ्रीड देम इन १८६३, बट देअर मास्टर्स हॅड नॉट लेट देम गो.' कायद्याने मुक्त केले होते. मालकांनी सोडले नव्हते. या वाक्यात पुन्हा एक होकारी आणि एक नकारी 'हॅड' आहे, बॅक बेच्या जमिनीसारखाच. पण येथील अंतर अडीच वर्षांच्या आयुष्याचे आहे.

हे अंतर आपल्याला परके नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले २० मार्च १९२७ रोजी. 'बाय द टाइम बाबासाहेब रीच्ड द टँक, थ्री इयर्स हॅड पास्ड सिन्स द रेझोल्यूशन.' हे वाक्य शिकवताना नियम सांगण्याची गरज पडत नाही. कशाच्या आधी काय घडले होते आणि काय घडलेच नव्हते, हे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असते.

अमेरिकेतील गुलाममुक्तीची दखल महाराष्ट्रात एका माणसाने मात्र कापसाच्या भावावरून घेतली नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. त्याच जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी पुढे अर्थशास्त्र शिकून १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्याच्या उपशीर्षकातच आधी प्रश्नाचा उगम आणि मग उपाय असा क्रम आहे. तो ग्रंथ आमच्या वरच्या वर्गांनाही कठीण जातो, हे खरे. पण 'हॅड' पक्का झालेल्या विद्यार्थ्याने त्याची काही पाने तरी उघडून पाहावीत. उगमाचे विवेचन वाचताना काळांचे हे ज्ञान कामी येते.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. 'ही हॅड अ थाउजंड शेअर्स' यातील 'हॅड' हा आपला 'हॅड' नव्हे. तेथे अर्थ 'त्याच्याकडे होते' इतकाच. त्याच अर्थाचा पूर्ण भूतकाळ करायचा तर 'ही हॅड हॅड अ थाउजंड शेअर्स बिफोर द क्रॅश' असे दोनदा लिहावे लागते. ती छपाईची चूक नव्हे. दुसरे असे की, 'हॅड' एकदा समजला म्हणून प्रत्येक वाक्यात पेरू नये. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगत असाल तर साधा भूतकाळ पुरेसा आहे : 'द वॉर एंडेड, द प्राइस फेल, द बँक फेल्ड.' 'हॅड' हवा तो मागे वळून पाहताना.

आता सरावासाठी थोडे. पुढील वाक्ये घरी इंग्रजीत करून पाहावीत. पालकांनी आणि पाल्यांनी मिळून केल्यास अधिक चांगले. काल आम्ही नागपूरला गेलो होतो. आम्ही स्थानकावर पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती. भाव पडले तेव्हा माझ्या आजोबांनी कापूस विकला नव्हता. त्याने कर्ज काढले नसते तर त्याची जमीन गेली नसती. यांपैकी पहिल्या वाक्यात 'हॅड' येत नाही, इतर तिन्हींत येतो. का, ते एकमेकांना सांगावे. माजी विद्यार्थ्यांसाठी एक पाचवे वाक्य आहे, ते आम्ही अर्धेच देतो, कारण उरलेला भाग प्रत्येकाचा वेगळा असणार : 'बिफोर आय केम टू धिस स्कूल, नोबडी इन माय फॅमिली हॅड एव्हर...'